गवताची चव

कोंबडी विकत घ्यायला आलेल्या माणसाला म्हातारा आधी शेतभर चालवायचा. हा त्याचा नियम होता. नवा माणूस पैसे काढून उभा असला तरी चालून झाल्याशिवाय कोंबडीचं पाकीट त्याच्या हातात पडायचं नाही. एखादा मोटारीतून उतरून घड्याळ बघत म्हणायचा, "काका, घाईत आहे, दोन द्या ना पटकन." त्यावर म्हातारा म्हणायचा, "मग घाई नसेल तेव्हा या," आणि खरोखरच पाठ फिरवून आत निघून जायचा. असल्या दुकानदारीने धंदा केव्हाच बुडायला हवा होता. पण माणसाच्या जातीचं काही सांगता येत नाही. हा जितका नाकाने कांदे सोलायचा, तितकी दर शनिवारी फाटकाबाहेर गाड्यांची रांग लांबायची.

चालायचं ते घरामागच्या कुरणावर. तिथे चाकांवरचे सहा बिनतळाचे पिंजरे होते आणि प्रत्येकात चाळीस पक्षी. रोज सकाळी म्हातारा एकेक पिंजरा दोरीने ओढून त्याच्या लांबीइतका पुढे सरकवायचा, म्हणजे पक्ष्यांना रोज नवं गवत आणि गवतातले किडे. मागे राहिलेल्या पट्ट्याला दीड महिना कुणी हात लावायचा नाही. हे सगळं तो पाहुण्यांना सांगायचा, मग पिंजऱ्यात हात घालून एक कोंबडी बाहेर काढायचा आणि तिचा पाय लोकांपुढे धरायचा. "ही नखं बघा, उकरून उकरून झिजलीत. हा तळवा बघा, जाड झालाय. हा चाललेला पाय आहे. आणि चाललेल्या पायालाच चव असते. गवताची चव. ज्याला जीभ आहे त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधा, तरी कळेल."

बायका माना डोलवायच्या, मुलं कोंबडीला बोट लावून मागे पळायची, आणि सगळे मळलेल्या बुटांनी परत येऊन टेबलापुढे उभे राहायचे.

इथवर सगळं ठीक होतं. नियमाचा दुसरा अर्धा भाग मात्र नडला. एकदा कुरण चालला तो माणूस घरचा, आणि घरच्या माणसाला 'नाही' म्हणायचं नाही, असं म्हाताऱ्याने कधीतरी आपल्यापाशीच ठरवून टाकलं होतं. मुख्याध्यापिकेने विचारलं, "पुढच्या शनिवारी सहा मिळतील का? भाऊ येतोय," की हा म्हणायचा, "मिळतील." टॅक्सीवाल्याने विचारलं, "माझ्या साडूलाही पाठवू?" की हा म्हणायचा, "पाठवा." उचलली जीभ लावली टाळ्याला. वहीत लिहायचं काम सुनेचं होतं, कापायचं काम सुनेचं होतं, आणि पिंजऱ्यात पक्षी किती आणि वहीत नावं किती हा ताळा जुळवायचं कामही तिचंच होतं. म्हातारा आयुष्यात एकदाही ती वही उघडून बसला नाही.

सून या घरात आली तेव्हा तिला कोंबडी धरताही येत नव्हती. म्हाताऱ्याचा मुलगा लांबच्या बंदरावर क्रेन चालवायचा आणि वर्षातून दोनदा घरी यायचा. त्याला कोंबड्यांचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. म्हातारीला जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हा जे काही शिकवायचं ते म्हाताऱ्याने या पोरीलाच शिकवलं. मान कशी धरायची, सुरी कधी आणि कुठे, पक्ष्याला आधी कळता कामा नये, पाणी किती गरम, पिसं कुठल्या बाजूने उपटायची. पोरगी हुशार निघाली. तीन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागून एकदा सुरी म्हाताऱ्याच्या अंगठ्यात घुसली, तेव्हा त्याने कापायच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली आणि पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. "माझ्यापेक्षा हिचा हात चांगला आहे," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पोटच्या पोराबद्दल असं काही बोलायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याचा तिच्यावर जीव होता, आणि विश्वास तर त्याहून जास्त होता.

त्या शुक्रवारी दुपारचं जेवण झालं. सून पुन्हा कापायच्या खोलीकडे निघाली एवढ्यात फाटकाशी कुणीतरी हॉर्न वाजवला, म्हणून ती तिकडे गेली. खोलीच्या दाराबाहेर कचऱ्याची बादली भरलेली होती. एरवी ती बादली सून स्वतःच कुरणाच्या टोकाच्या खड्ड्यात नेऊन टाकायची, वर माती लोटायची. म्हाताऱ्याला वाटलं, पोर सकाळपासून उभी आहे, एवढं तरी आपण करू. त्याने दोन्ही हातांनी बादली उचलली, थांबत थांबत खड्ड्यापाशी नेली आणि पालथी केली.

पोराचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. म्हाताऱ्याला कोंबड्यांचे पाय खड्ड्यात दिसले. पिसांवर आणि आतड्यांवर पंचवीस-तीस पंजे पडले होते, आणि त्यातले निम्मे त्याच्या ओळखीचे नव्हते. फिकट, मऊ, नखं लांब आणि टोकदार, जमीन कधी न पाहिलेली. तळव्यांवर काळे चट्टे होते. ओल्या भुशावर दिवसरात्र बसून राहिलेल्या पक्ष्याला पडतात ते चट्टे. म्हातारा खाली बसला. त्याने एक पंजा उचलला, अंगठ्याने चोळला, ठेवला, दुसरा उचलला. असे नऊ-दहा झाले. मग त्यातला एक खिशात घालून, रिकामी बादली तिथेच टाकून तो घराकडे निघाला.

असे पाय आसपासच्या मुलखात एकाच ठिकाणी तयार व्हायचे. नाक्यापलीकडे एकाची पत्र्याची लांबच लांब शेड होती, आत दहा हजार पक्षी आणि चोवीस तास दिवे. म्हातारा त्याला पत्रेवाला म्हणायचा आणि समोरून आला तर रस्ता बदलायचा.

सून ओट्यापाशी पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. म्हाताऱ्याने खिशातून एक पंजा काढून तिच्यासमोर ठेवला. तिने पाहिलं आणि हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"म्हणजे पाच महिने."

"हो बाबा."

"आणि लोकांना काय म्हणून देतेस?"

"तुम्ही जे सांगता तेच म्हणून."

म्हाताऱ्याच्या तोंडून एक घाणेरडी शिवी निघाली. ती सुनेला होती की पत्रेवाल्याला की स्वतःला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिच्यासमोर असा शब्द काढला होता. तिचा चेहरा लाल झाला, पण ती जागची हलली नाही.

"बोला, काय बोलायचं ते बोला," ती म्हणाली. "पण आधी वही बघा. नव्वद घरं आहेत वहीत. आठवड्याला तुमच्या पिंजऱ्यांतून वीस पक्षी निघतात, फार तर बावीस. बाकीचे मी कुठून आणू? माझ्या माहेराहून?"

"मला सांगायचंस."

"सांगितलं. तीनदा सांगितलं. नवीन माणसं घेऊ नका म्हटलं. तुम्ही काय म्हणालात? आपल्या दारातून कुणी रिकामं जायचं नाही. हो म्हणायचं तुम्ही, आणि उभं करायचं मी. कुरण काय रबराचं आहे, ताणलं की वाढायला?"

"मग रिकामे गेले असते. काय बिघडलं असतं?"

"हे आज म्हणताय तुम्ही."

ती बरोबर होती आणि ते म्हाताऱ्याला कळत होतं. पण आपण चूक आहोत हे कळल्यावर माणूस शहाणा होतोच असं नाही. बरेचदा तो जास्तच चिडतो. त्याने ओट्यावरचा पंजा उचलला आणि म्हणाला, "उद्या मी सांगणार. सगळ्यांना. टेबलापाशी उभा राहून."

सुनेने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाबा, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी या आठवड्यापासून बंद करते. तुमच्यासमोर सांगते, पुन्हा नाही आणणार. पण उघड्यावर आणू नका. वीस वर्षं लागली तुम्हाला हे उभं करायला."

"वीस वर्षं लागली म्हणूनच सांगणार."

त्या संध्याकाळी दोघं वेगवेगळे जेवले. म्हातारा जेवला म्हणजे दुधात पाव बुडवून खाल्ला. त्याला वाटत होतं, उद्या लोक तोंडावर थुंकतील. थुंकू देत. ज्यांना गवत म्हणून भुसा खाऊ घातला त्यांनी चार शब्द सुनावले तर ऐकून घ्यायचे, पाय धरायचे, आणि मग थोड्या लोकांना घेऊन, खऱ्या लोकांना घेऊन, पुन्हा सुरुवात करायची. त्याने मनात यादीसुद्धा केली. मुख्याध्यापिका राहील, तिला चवीचं कळतं. टॅक्सीवाला संतापेल आणि कायमचा जाईल. त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

शनिवारी नऊ वाजता पंधरा-वीस माणसं टेबलापुढे जमली. म्हाताऱ्याने धुतलेला शर्ट घातला होता. सुनेने रात्रीच आपले आणि पत्रेवाल्याचे वेगळे करून दोन खोकी भरून ठेवली होती. म्हाताऱ्याने सांगितलं नव्हतं, तिनेच केलं होतं. ती टेबलामागे वजनकाट्याजवळ उभी राहिली, एप्रनच्या खिशात हात घालून.

"आज चालायचं नाही," म्हातारा म्हणाला. "आज ऐकायचं आहे. गेले पाच महिने तुम्ही इथून जे नेलंत, त्यातलं निम्म्याहून जास्त आमचं नव्हतं. कुरणावरचं नव्हतं. नाक्यापलीकडच्या शेडमधलं होतं. मी तुम्हाला फसवलं."

सुनेने मान वर केली. त्याने 'मी' म्हटलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते बाहीने पुसले.

टॅक्सीवाल्याने उचललेलं कोंबडीचं पाकीट परत टेबलावर ठेवलं आणि वळून तरातरा गाडीकडे निघून गेला. म्हाताऱ्याला वाईट वाटलं, आणि तरीही आत कुठेतरी त्याला बरं वाटलं. निदान एकाला तरी राग आला होता.

मग मुख्याध्यापिका म्हणाली, "एक विचारू का काका? ते जे मऊ येत होतं, ते शेडचं का?"

"मऊ?"

"हो, थंडीपासून. आमच्या घरी सगळे म्हणायला लागले की काकांनी काहीतरी सुधारणा केली. आधीचं जरा... म्हणजे चांगलंच होतं, पण दोन-दोन शिट्ट्या जास्त लागायच्या."

"आमच्या सासूबाई आधीचं खायच्याच नाहीत," शिवणकाम करणारी बाई म्हणाली, आणि आपण असं बोललो म्हणून लगेच ओशाळली. "मला आवडायचं हं. मला आवडायचं."

"ते गवताचं होतं," म्हातारा म्हणाला. "ते खरं होतं."

"हो ना, ते तर आहेच," बँकेतला माणूस म्हणाला, एखाद्या आजाऱ्याची समजूत काढावी तशा आवाजात. "पण खरं सांगू का आजोबा, आम्ही काही फक्त कोंबडीसाठी येत नाही. सकाळी मुलांना जरा मोकळं फिरायला मिळतं, तुम्ही इतकं छान सांगता, कोंबडीचा पाय वगैरे दाखवता. मुलं आठवडाभर नक्कल करतात तुमची. मनाला लावून घेऊ नका."

मागे दोघं-तिघं हसले. वाईट भावनेने नाही, प्रेमाने हसले. शिव्या ऐकायची तयारी करून आलेल्या माणसाला प्रेमाने हसलेलं फार लागतं.

एवढ्यात टॅक्सीवाला परत आला. त्याच्या हातात मोठी पिशवी होती; गाडीत राहिली होती ती आणायला तो गेला होता. "मग आता त्यातली वेगळी काढलीत का?" त्याने विचारलं. "मला मऊवाल्या तीन द्या. आणि साडूच्या दोन."

सुनेने म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. तिने डाव्या खोक्यात हात घातला आणि पाच पाकिटं काढून दिली.

साडेदहापर्यंत डावं खोकं रिकामं झालं. उजव्यातली चार गेली, तीही डाव्यातली संपल्यावर. जाताना सगळ्यांनी म्हाताऱ्याला 'येतो हं' म्हटलं, आणि बँकेतल्या माणसाच्या मुलीने विचारलं की पुढच्या शनिवारी चालायचं ना. म्हातारा रिकामं खोकं उचलून आत निघून गेला.

दुपारी सुनेने उरलेल्यातली एक कोंबडी शिजवली. दोघं समोरासमोर बसले. कालपासून दोघांत धड एक वाक्य झालं नव्हतं, पण घरात दोनच माणसं असली की अबोला फार वेळ परवडत नाही.

"जिभाच नाहीत त्यांना," म्हातारा म्हणाला. "त्यांचं काय चुकलं म्हणा. आयुष्यभर भुसा खाल्लाय. ज्याने एकदा गवतावरचं खाल्लं, त्याला दुसरं तोंडात धरवणार नाही. मला विचार. मला झोपेतून उठवून खायला घाला, मी सांगेन."

सुनेने त्याच्या ताटात तंगडीचा तुकडा वाढला. म्हाताऱ्याने तो तोंडात घातला आणि चावू लागला. एका बाजूने चावला, मग दुसऱ्या बाजूने. गेल्या हिवाळ्याआधी बसवलेली कवळी मागे-पुढे हलू लागली. तोंडातला तुकडा काही बारीक होईना. शेवटी त्याने तो बोटांनी बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि ताट पुढे ढकललं.

"हे माझ्या ताटात?" तो म्हणाला. "एवढं सगळं झाल्यावर त्या पत्रेवाल्याचं मला वाढतेस? नुसता दोरखंड आहे हा. ना चव, ना रस. काल दुपारी जेवलो ते बघ, कसं होतं. तोंडात ठेवलं की विरघळत होतं. त्याला म्हणतात गवत."

सुनेला खोटं बोलता आलं असतं. पाच महिने तिने तेच केलं होतं, आणखी एक दुपार केलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण सकाळी त्याने सगळ्यांसमोर 'मी' म्हटलं होतं, आणि त्यानंतर तिच्याने ते होईना.

"बाबा, हे आपलं आहे," ती म्हणाली. "तुमच्या तिसऱ्या पिंजऱ्यातलं. कालचं पत्रेवाल्याचं होतं."

म्हाताऱ्याने ताटाच्या कडेचा तुकडा बोटाने उलटून पाहिला.

"कवळी बसवलीत त्यानंतर तुम्हाला आपलं चावेना. तुम्ही बोलला नाहीत, पण ताटात सगळं तसंच राहायचं. नुसता रस्सा प्यायचात. महिनाभरात गळ्याची हाडं दिसायला लागली. मला भीती वाटली, म्हणून मी त्याच्याकडून दोन पक्षी आणले. फक्त तुमच्यासाठी. विकायचं तेव्हा मनातही नव्हतं." तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तुम्ही दोनदा वाढून घेतलंत. आणि म्हणालात, 'ही बघ गवताची चव, कुणाच्या बापाला यायची नाही.' मग मला वाटलं, यांनाच कळत नाही, तर आणखी कुणाला कळणार आहे?"

म्हाताऱ्याने हात पुढे केला, ताट परत स्वतःकडे ओढलं आणि कडेला ठेवलेला तो तुकडा उचलून पुन्हा तोंडात घातला.

"राहू द्या बाबा," सून म्हणाली. "मी पाव आणते."

त्याने मान हलवली आणि तो चावत राहिला. तिचं जेवून झालं, तिने आपलं ताट घासलं, ओटा पुसला, आणि परत येऊन पाहिलं तेव्हाही तो चावतच होता.